गाणे लावणे आणि गाणे ऐकणे

मराठीत गाण्यासाठी दोन क्रियापदे आहेत. आपण गाणे लावतो आणि आपण गाणे ऐकतो. बोलताना ही दोन्ही एकमेकांच्या जागी सहज येतात, पण त्यांचा अर्थ एक नाही. उदबत्ती लावतात, दिवा लावतात, पंखा लावतात, तसेच गाणेही लावतात. एकदा लावले की माणूस आपल्या कामाला मोकळा. ऐकणाऱ्याला असे मोकळे होता येत नाही. त्याला तेवढा वेळ गाण्यापाशी बसावे लागते. आपल्या पिढीने गाणे लावण्याची सोय इतकी वाढवली आहे की ऐकणे हे निराळे काम आहे याचाच विसर पडू लागला आहे, असे मला वाटते. या लेखात तेवढेच सांगायचे आहे.

त्यासाठी मी जे उदाहरण घेतले आहे ते आपल्या वार्षिकाच्या वाचकांना आडवाटेचे वाटेल. संगीतावरचा लेख म्हटला की आपल्या पानांवर नाट्यगीत येते, भावगीत येते, फार तर गझल येते. मी मात्र इंग्लंडमधल्या 'पोर्टिसहेड' या वाद्यवृंदाच्या 'डमी' या अल्बमविषयी लिहिणार आहे. हा अल्बम ऑगस्ट १९९४ मध्ये, म्हणजे आजच्या आम्हा विद्यार्थ्यांच्या जन्माच्याही बराच आधी, प्रसिद्ध झाला. लय संथ, आवाज बहुतांशी यंत्रांतून आलेले आणि त्यावर एका बाईचा बारीक, थकलेला स्वर, असे त्याचे ढोबळ रूप. हा अल्बम पुष्कळांनी लावला आणि पुष्कळांनी ऐकला. या दोन प्रकारच्या चाहत्यांत जो फरक पडला तो आपण समजून घेण्यासारखा आहे.

ब्रिस्टल हे इंग्लंडच्या नैर्ऋत्येचे जुने बंदर. अठराव्या शतकात आफ्रिकेतल्या गुलामांच्या व्यापारावर हे शहर गबर झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर जमैका आणि आसपासच्या बेटांवरून पोटासाठी आलेली माणसे तेथल्या सेंट पॉल्स वस्तीत राहू लागली. त्यांनी आपल्याबरोबर 'साउंड सिस्टिम'ची प्रथा आणली. भलेमोठे स्पीकर तळघरात किंवा रस्त्यावर मांडायचे आणि रेगेच्या तबकड्या अशा वाजवायच्या की खर्जाचा आवाज कानापेक्षा छातीला आधी कळावा. ऐंशीच्या दशकात या खर्जात अमेरिकेतून आलेला हिप-हॉपचा ठेका मिसळला. त्या वातावरणातून 'मॅसिव्ह अटॅक' हा वृंद पुढे आला आणि १९९१ साली त्यांचा 'ब्लू लाइन्स' हा अल्बम निघाला. नाचाचा ठेका त्यांनी इतका सावकाश केला, की नाचणाऱ्याने थांबून ऐकू लागावे.

'ब्लू लाइन्स'चे काम ज्या कोच हाउस स्टुडिओत चालले होते तेथे जेफ बॅरो नावाचा विशीतला मुलगा ध्वनिफिती सांभाळण्याच्या नोकरीवर होता. ब्रिस्टलजवळच्या पोर्टिसहेड या खाडीकाठच्या लहान गावात तो वाढला होता. वृंदाला नाव मिळाले ते या गावाचेच. त्याच वर्षी, बेकारांनी स्वतःचा धंदा सुरू करावा म्हणून चाललेल्या एका सरकारी योजनेच्या वर्गात त्याची गाठ बेथ गिबन्स या गायिकेशी पडली. पुढे एड्रियन अटली हा जॅझमध्ये मुरलेला गिटारवादक त्यांना येऊन मिळाला. कला शाखेच्या पदवीचा पुढे उपयोग काय, या प्रश्नाने रात्रीची झोप उडालेल्या आपल्या मित्रांनी ही हकिकत जरूर ध्यानात ठेवावी. 'डमी'च्या करुण स्वराचा उगम मी बेकारीत शोधणार नाही, तेवढा भाबडेपणा नको. परंतु हे संगीत खात्यापित्या घरच्या फावल्या वेळेतून आलेले नाही, एवढे तरी त्यावरून कळते.

या अल्बमची घडण मजेदार आहे. जुन्या तबकड्यांतला दोनचार सेकंदांचा तुकडा उचलायचा आणि तो फिरवून फिरवून त्यावर नवे गाणे उभारायचे, ही हिप-हॉपची रीत. 'ग्लोरी बॉक्स' या गाण्यामागे आयझॅक हेज या अमेरिकन गायक-संगीतकाराच्या एका ध्वनिमुद्रणाचा तुकडा आहे. 'सॉवर टाइम्स'मागे लालो शिफ्रिन यांनी 'मिशन इम्पॉसिबल' या दूरचित्रवाणी मालिकेसाठी केलेल्या संगीताचा. पण या मंडळींनी त्यापुढे एक पाऊल टाकले. त्यांनी स्वतः वाद्ये वाजवून ध्वनिमुद्रण केले, त्याच्या तबकड्या काढल्या, त्या तबकड्या मुद्दाम झिजवल्या, अगदी जमिनीवर टाकून पायांखाली घासल्या आणि मग त्या झिजलेल्या आवाजाचे तुकडे घेऊन गाणी रचली. म्हणजे कालपरवा वाजवलेले संगीत तीस वर्षांपूर्वीचे वाटावे अशी व्यवस्था केली.

येथे एखादा चोखंदळ वाचक विचारील की ही लबाडी नव्हे काय? नवी वस्तू धुळीत लोळवून जुनी म्हणून खपवण्यासारखेच हे नाही काय? मला तसे वाटत नाही. नाटकात विशीतला नट केसांना पांढरे लावून म्हातारा होतो तेव्हा आपण त्याला लबाड म्हणत नाही. तो म्हातारा आपल्याला खरा वाटला की नाही, एवढेच पाहतो. तबकडीची खरखर ज्यांनी घरी ऐकली आहे त्यांना ठाऊक आहे की तिच्यातून एक गोष्ट न सांगता कळते. हे गाणे आपल्याआधी कोणीतरी पुष्कळदा ऐकले आहे, सुई या वळणावरून पुष्कळदा फिरली आहे. 'डमी'त ती खरखर ऐकताना आपण एकटे ऐकत नाही असे वाटते. एकाकीपणाची गाणी आणि त्यांच्या पाठीमागे अनोळखी श्रोत्यांची ही चाहूल, असा हा मेळ आहे. हा परिणाम साधण्यासाठी तबकड्या पायांखाली घासाव्या लागल्या असतील तर खुशाल घासाव्यात.

आता श्रोत्यांकडे वळू. इंग्लंडमध्ये या अल्बमचे स्वागत जोरात झाले. विक्रीच्या यादीत तो दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढला आणि १९९५ साली त्याला मर्क्युरी पारितोषिक मिळाले. त्या वर्षी त्या पारितोषिकाच्या यादीत 'ओएसिस' या गाजलेल्या वृंदाचा पहिला अल्बमही होता, हे लक्षात घेतले म्हणजे या यशाचे मोल कळेल. बेथ गिबन्स मुलाखती देण्याचे टाळत असत, गाताना त्या मायक्रोफोनला घट्ट धरून डोळे मिटून घेत. अशा बाईचा आवाज घरोघर पोहोचला. पण कसा पोहोचला? कॉफीची दुकाने, कपड्यांची दुकाने आणि मुख्यतः रात्रीच्या जेवणाच्या मेजवान्या, येथे तो लावला जाऊ लागला. लय संथ, आवाज मऊ, गप्पांना अडथळा नाही. या जातीच्या संगीताला 'ट्रिप हॉप' असे नाव मिळाले आणि पुढे त्या नावाखाली अशाच संथ, गुळगुळीत अल्बमांची रांग लागली. ब्रिस्टलच्या तळघरातला खर्ज सोफ्याच्या गादीत जाऊन बसला.

ज्यांनी हे संगीत केले त्यांना ही प्रीती मानवली नाही. मेजवानीचे संगीत हा शिक्का आपल्याला रुचला नाही, हे जेफ बॅरो यांनी लपवून ठेवलेले नाही. १९९७ च्या दुसऱ्या अल्बमचा स्वर अधिक कडवट होता. त्यानंतर ११ वर्षे नवा अल्बम आला नाही. २००८ मध्ये 'थर्ड' आला तेव्हा जुन्या खरखरीला जवळजवळ रजा मिळालेली होती. 'मशीन गन' या गाण्यातला ठेका तर असा आदळतो की तो लावून कोणाला सुखाने जेवता येऊ नये. लोक आवडीने ऐकत आहेत, मग कलावंताने रागावावे कशाला, असे कोणी म्हणेल. माझ्या मते हा राग रास्त होता. आपल्या घरी कोणी दुःख सांगायला आले आणि आपण त्यांना म्हटले, "तुमचा आवाज फार गोड आहे, बोलत राहा, आम्ही तोवर पाने वाढून घेतो," तर त्यांना काय वाटेल?

'डमी'च्या दुसऱ्या जातीच्या श्रोत्यांविषयी मला पुस्तकातून सांगण्याची गरज नाही. त्यांतले काही आमच्या वसतिगृहातच आहेत. गेल्या पावसाळ्यात एका रात्री वीज गेली होती. एका मित्राच्या बॅटरीवर चालणाऱ्या लहान स्पीकरवर आम्ही सहासात जणांनी हा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. काळोख होता, हाताला दुसरा उद्योग नव्हता आणि फोनची बॅटरी वाचवायची होती. ऐकण्यासाठी इतकी चांगली परिस्थिती पुन्हा येणे कठीण. आमच्यात एक मित्र होता. त्याचे शिक्षण खेड्यातल्या मराठी शाळेत झालेले, इंग्रजी गाण्यांचे शब्द त्याला कळत नाहीत आणि कळतात असा आव तो आणत नाही. त्याचे वडील त्याच वर्षी वारले होते. 'रोड्स' हे गाणे संपल्यावर तो म्हणाला, "ही बाई रडत नाहीये रे. रडू आवरतीये." थोड्या वेळाने म्हणाला, "परत लाव."

त्याने त्या वाक्यात जे सांगितले त्याहून नेमके रसग्रहण मी या अल्बमवर वाचलेले नाही. 'रोड्स'मध्ये आरंभी विजेच्या पियानोचे थरथरते स्वर आहेत, मागाहून व्हायोलिनांचा थर चढत जातो. वाद्ये भरून येतात, पण आवाज मोठा होत नाही. दुसऱ्या एखाद्या गायिकेने या ठिकाणी गळा मोकळा सोडून टाळ्या घेतल्या असत्या. बेथ गिबन्स येथे स्वर बारीक करतात, तो फुटेल की काय अशी भीती वाटेपर्यंत बारीक करतात आणि फुटू देत नाहीत. शब्दार्थ न कळणाऱ्या श्रोत्याला हे बरोबर कळले, कारण त्या वर्षभरात घरच्या माणसांपुढे त्याने स्वतः हेच केले होते. 'ग्लोरी बॉक्स'चेही तसेच. नाव ऐकून काही बोध होत नाही. पण लग्नाआधी मुलीसाठी चीजवस्तू जमवून ठेवायच्या पेटीला तसे म्हणतात, असे कळले की आपल्याला रुखवताची आठवण होते आणि प्रेमाच्या खेळाला कंटाळलेल्या बाईचे ते गाणे एकदम निराळे वाटू लागते.

करुण रसाचा आस्वाद आनंददायक कसा, हा प्रश्न साहित्यशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत आमच्यापैकी अनेकांनी सोडवला आहे. साधारणीकरण, सहृदय, भावविरेचन हे शब्द आम्ही क्रमाने लिहितो आणि गुण मिळवतो. भवभूतीने करुणाला सर्व रसांचे मूळ का मानले, हेही लिहितो. त्या रात्री मला या प्रश्नाचे उत्तर समोर बसलेले दिसले. माझ्या मित्राचे दुःख वडिलांचे होते, गाणारीचे दुःख आणखी कशाचे असेल. ती दोन दुःखे काही मिनिटे एकाच स्वरात राहिली आणि त्यामुळे त्याचे दुःख त्याच्या एकट्याचे उरले नाही. त्यात त्याला सुख झाले असे मी म्हणणार नाही. पण त्याला ते पुन्हा ऐकावेसे वाटले. आनंदपर्यवसायिता या लांबलचक शब्दाचा अर्थ बहुधा इतकाच असावा.

आमच्या काही प्राध्यापकांचा आक्षेप मला ठाऊक आहे. यंत्रातून निघणाऱ्या सुरांत रस कुठला, असे ते विचारतात. मी त्यांना नम्रपणे बाजाच्या पेटीची आठवण करून देतो. हार्मोनियम हे युरोपातून आलेले वाद्य. त्यातून मींड निघत नाही, त्याचे सूर बांधलेले, म्हणून १९४० साली आकाशवाणीने त्यावर बंदी घातली आणि १९७१ नंतरच ती सैल होऊ लागली. त्या मधल्या काळात महाराष्ट्राने काय केले? रंगभूमीवर, भजनात, बैठकीत पेटी वाजतच राहिली. गोविंदराव टेंबे आणि पी. मधुकर यांच्या बोटांनी तिला आपलेसे केले होते. आज आपल्या गायनाच्या वर्गात तंबोऱ्याऐवजी विजेवर चालणारी पेटी जुळवून रियाज होतो आणि कोणाचा रसभंग होत नाही. यंत्र परके राहते ते कोणी त्यात जीव ओतेपर्यंत.

दुसरा आक्षेप उसनवारीचा. दुसऱ्याच्या तबकडीचा तुकडा घेऊन गाणे करणे ही चोरी नव्हे काय? जुन्या संगीत नाटकांची छापील पुस्तके आपल्या ग्रंथालयात आहेत, ती उघडून पाहावीत. पदाच्या डोक्यावर 'चाल' असे लिहून मूळ चीज किंवा पद कोणते ते दिलेले असते. ती चाल ठुमरीची असो, लावणीची असो वा कानडी पदाची, नाटककाराने ती राजरोस घेतली आणि तिचे नाव सांगितले. 'डमी'च्या वेष्टनावरही कोणाच्या रचनेतला तुकडा कोणत्या गाण्यात घेतला आहे ते छापलेले आहे. उसने घेतले त्याची नोंद ठेवली आणि घेतलेल्याचे काही नवे केले, तर ती परंपराच म्हणायची.

तिसरा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो, कारण तो माझ्या मित्रांचा आहे. ते म्हणतात, "तू ऐकणाऱ्यांची उगीच वरची जात करतोस. दिवसभर कॉलेज, संध्याकाळी अर्धवेळ नोकरी, रात्री अभ्यास. सगळे बाजूला सारून तासभर गाणे ऐकायला वेळ कोणाकडे आहे? गाणे पाठीमागे चालू असले तर तेवढाच आधार." या म्हणण्यात तथ्य आहे. माणसाने काम करताना गाणे जवळ बाळगले, हे काही आजचे नाही. जात्यावरच्या ओव्या दळताना गायिल्या गेल्या, मोट हाकताना गाणी झाली, रेडिओ स्वयंपाकघरात वाजत राहिला. 'डमी' लावून अर्थशास्त्राची टिपणे काढणाऱ्या मुलीला मी दोष देणार नाही. पुष्कळ गाणी आपल्या घरात अशीच मागच्या दाराने येतात आणि एखाद्या दिवशी हातातले काम थांबवून आपल्याला ऐकायला लावतात.

पण ओवीचे उदाहरण नीट पाहिले तर ते माझ्याच बाजूचे निघते. जात्यावर दळणारी आणि गाणारी एकच बाई असे. माहेरची आठवण, सासरचा जाच हे तिचे स्वतःचे होते. जात्याची घरघर त्या गाण्याची साथ होती. आपण जेव्हा दुसऱ्याचे दुःख आपल्या कामाची साथ म्हणून लावतो तेव्हा हे नाते उलटे होते. माझ्या ओळखीच्यांच्या फोनमध्ये 'अभ्यासासाठी', 'झोपेसाठी', 'पावसासाठी' अशा गाण्यांच्या याद्या आहेत आणि त्यांत 'रोड्स' व 'ग्लोरी बॉक्स' इतर शंभर गाण्यांत मिसळून गेलेली आहेत. कोणते कोणाचे, हे यादीच्या मालकालाही सांगता येत नाही. तेथे गाण्याला एकच काम उरते, ते म्हणजे खोलीतली शांतता भरून काढणे. पंखाही ते काम करतो.

यात बिघडले काय, असे विचाराल तर माझे उत्तर असे. बेथ गिबन्स यांचे काही बिघडत नाही. त्यांनी पुढे २०१४ मध्ये वॉर्सा येथे गोरेत्स्की या पोलिश संगीतकाराची शोकगीतांची सिंफनी गायिली, २०२४ मध्ये स्वतःचा नवा अल्बम काढला. त्यांचे त्या पाहून घेतील. बिघडते ते आपले. वसतिगृहात शेजारच्या खोलीतला मुलगा आठ दिवस जेवायला खाली येत नाही आणि कोणाच्या लक्षात येत नाही, असे घडलेले आपण पाहिले आहे. कोणाचा तरी गळा दाटून आलेला आहे हे ओळखण्यासाठी कान तयार असावा लागतो आणि हा कान जन्मतः मिळत नाही, तो तयार करावा लागतो. आवरलेल्या रडण्याचा आवाज कसा असतो, हे माझ्या मित्राने एका परक्या भाषेतल्या गाण्यात ओळखले. तोच आवाज रोज पाठीमागे लावून त्याच्याकडे दुर्लक्ष करण्याचा सराव आपण करीत राहिलो, तर जिन्यात भेटणाऱ्या माणसाच्या आवाजात तो आपल्याला कसा ओळखता येणार?

तेव्हा माझी एक साधी सूचना आहे. आपल्या महाविद्यालयात वाङ्मय मंडळ आहे, नाट्य मंडळ आहे. त्यांच्याच आश्रयाने महिन्यातून एकदा, तासिका संपल्यावर, श्रवणाचा एक तास ठेवावा. एक अल्बम किंवा एक मैफल, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कधी पोर्टिसहेड असेल, कधी मल्लिकार्जुन मन्सूर, कधी भजन. भाषण नको, निवेदन नको, पाहुण्यांचा सत्कार तर मुळीच नको. फोन दाराशी ठेवावेत. ऐकून झाल्यावर ज्याला बोलायचे असेल त्याने बोलावे, बाकीच्यांनी गप्प घरी जावे. खर्च काही नाही. खोली लागेल, दोन बरे स्पीकर लागतील आणि पाऊण तास स्वस्थ बसण्याची तयारी लागेल. पहिल्या दोन गोष्टी कार्यालयाकडे अर्ज केला तर मिळतील. तिसरी आपली आपण आणायची आहे.